हूल

चौतीस वर्षं मी धान्याच्या काट्यावर बसले.
भरला ट्रक आला की वजन, रिकामा निघाला की वजन,
मधला फरक तेवढा मका.
आता दर गुरुवारी संध्याकाळी इथे बसते,
पत्र्याच्या छपराखाली, नेब्रास्काच्या या चिलटांत,
मांडीवर स्कोअरबुक, कानामागे पेन्सिल.

या खेळात चोरी चालते.
चोरीला वेगळा रकाना आहे, वर्षाअखेर तिची बेरीज होते,
सगळ्यांत मोठ्या चोराला अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये
जेवण घालतात आणि पितळी पाटी देतात.
हूल मात्र चालत नाही.
पिचरनं चेंडू छातीशी धरला, थांबला,
की टाकायचा, नाहीतर पाय मागे घेऊन मोकळं व्हायचं.
खांदा उडवला, गुडघा मोडला आणि मन बदललं,
तर तो बॉक.
दंड एक बेस.

आठवी इनिंग. पहिल्या बेसवर एलाडिओ,
आई कत्तलखान्यात रात्रपाळीला, मोजे दोन रंगांचे,
नावावर एकोणतीस चोऱ्या.
तिसावी झाली की डेल क्रूगरचा जुना आकडा मागे पडणार,
आणि डेल क्रूगर समोरच घडीच्या खुर्चीत
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेला.

व्होन्द्रांच्या पोरानं चेंडू छातीशी आणला.
त्याचा डावा गुडघा
झोपेत दचकावं तसा
जरासा लवला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं.
पोरगं सुटलं, टोपी मागे राहिली,
चेंडू प्लेटवर आला, सरळ, स्ट्राईक,
कॅचर उठता उठताच फेकता झाला,
आणि एलाडिओ धुळीतून घसरत
हातमोजा खाली यायच्या आत पोचला.
लोक उभे राहिले. कुणाचा तरी भोंगा वाजला.

ह्रुश्का मात्र आधीच ओरडला होता.
बॉक हा शब्द फार छोटा आहे,
एवढ्या गलक्यात तो प्लेटपासून माझ्यापर्यंतच आला.
आता त्यानं मास्क काढला, दोन्ही हात वर केले,
आणि एकेक वस्तू परत घेतली:
स्ट्राईक नव्हता.
थ्रो नव्हता.
घसरणं नव्हतं.
धूळ तेवढी अजून हवेत होती.
मग बोट दाखवून म्हणाला, तू, दुसऱ्यावर.
तो दुसऱ्यावरच उभा होता.
उभा होता तिथेच त्याला पाठवण्यात आलं.

मी लिहिलं, बॉक. चोरीचा रकाना कोरा.
हातात ठेवलं ते चोरलं कसं म्हणणार?
डेल क्रूगरनं टरफल थुंकलं,
माझ्याकडे पाहिलं नाही,
पण खुर्चीत नीट टेकून बसला.

सामना संपल्यावर ह्रुश्का पाणी प्यायला आला.
इतर दिवशी तो लोकांचे नळ दुरुस्त करतो.
"पोरगं सहज पोचलं होतं," म्हणाला.
"नियमात सहज हा शब्द आहे का?"
"नाही."
"मग पाणी पी."

एलाडिओ आला तेव्हा अर्धे दिवे विझले होते.
मला वाटलं भांडेल. मी पान उघडूनच ठेवलं.
त्यानं बोट ठेवून वाचलं, स्वतःचं नाव, मग तो एक शब्द.
"गुडघा ना?" म्हणाला.
"तुला कसं माहीत?"
"जूनपासून करतोय तो. फेकण्याआधी लवतोच.
तो लवला म्हणून तर मी निघालो.
अंपायरला आज दिसलं."

आणि गेला, एकाच हेडलाइटच्या गाडीकडे,
जिथे आई डोळे मिटून बसली होती,
कामावर जायला अजून वीस मिनिटं होती.

मी पानं मागे-पुढे चाळली.
हिट, एरर, वॉक, चोरी, बॉक.
आधी कुणाला दिसलं, याला घर नाही.

भरल्या काट्यावरही ड्रायव्हर आत बसलेला असायचा,
रिकाम्यावरही.
वजाबाकीत तो निघून जायचा.
चौतीस वर्षांत एकाचंही वजन
माझ्या हातून लिहिलं गेलं नाही,
आणि हिशेब
एका पौंडानंही चुकला नाही.