हवेचा ताळा

पाकीट आलं तेव्हा गावभर अंगणांत
लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होत्या,
तळघरातल्या आमच्या खोलीपर्यंत वास.
पाकिटात तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन गोळ्या
आणि एक छापील चिठ्ठी:
पाण्यात दहा सेंटिमीटर खोल ठेवा,
दोन ग्रे द्या, परत पाठवा.

मी दिले दोन ग्रे.
म्हणजे, मला वाटलं दोन.

सहा आठवड्यांनी उत्तर: दोन पूर्णांक चौदा.
आधी मी त्यांच्यावरच संशय घेतला,
गोळ्या टपालात तापल्या असतील.
मग कोबाल्टच्या यंत्रावर,
मग पाण्याच्या टाकीवर, तिच्या काठाच्या मिलिमीटरांवर.
स्वतःपर्यंत यायला शुक्रवार उजाडला.

सोमवारी इल्झे आली, रीगाहून.
तिचा वायुभारमापक लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
ती ओरडली नाही. वह्या मागितल्या,
मार्चपासूनच्या एका रकान्यावर बोट ठेवलं:
हा आकडा कोण देतं?

मार्चमध्ये आमचा वायुभारमापक भिंतीवरून पडला.
नव्यासाठी मी तीनदा अर्ज केला, तीनदा शिक्का बसला.
तोवर रोज फोन करायची त्रायचेला,
पेलागोनियाच्या शेतांवर फवारणीची विमानं
जिथून उडतात, त्या धावपट्टीवर.
तो मन लावून सांगायचा: एक हजार तेरा. एक हजार नऊ.
खोटं नव्हतं काही. फक्त समुद्रकाठचे करून सांगितलेले आकडे,
वैमानिकांना तसेच लागतात.
आणि आम्ही समुद्रापासून सहाशे मीटर वर.

आमचं मोजायचं भांडं म्हणजे
करंगळीच्या पेराएवढी पोकळी, आत चिमूटभर हवा.
किरण जो हिशेब देतो तो त्या हवेच्या तोंडून.
इथली हवा विरळ, हिशेब तोकडा.
तो तोकडेपणा भरून काढायचा असतो.
मी काढला नाही. यंत्रच मंदावलं समजून
एकेकाला काही सेकंद जास्त ठेवलं त्याखाली.

मापात पाप नव्हतं.
माप बरोबर, वजनं बरोबर,
तराजू तेवढा मी दुसऱ्या गावच्या हवेत टांगला होता.

शंभरात सात.
एकेचाळीस माणसं.

किरो, आमचा जुना तंत्रज्ञ,
जूनमध्येच म्हणाला होता, यंदा घसे लवकर सोलतायत.
मी म्हटलं, उन्हाळा आहे.
तो गप्प बसला. त्याच्याकडे आकडा नव्हता.
इल्झेच्या अहवालात शेवटून दुसरी ओळ:
तंत्रज्ञाला जे दिसतं ते लिहायला वहीत रकाना असावा.
बाकीची बावीस पानं मी शांतपणे वाचली.

डॉक्टर म्हणाले, पत्रं पाठवली की झालं.
मी फोन केले.
स्तोयना दूध संघात हिशेबनीस होती,
स्वरयंत्राची गाठ, आवाज अजून कागद घासल्यासारखा.
मी सगळं सांगितलं, धावपट्टीसकट.
पलीकडे बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज.
मग तिने विचारलं,
गाठीलाही शंभरात सात जास्तच गेलं ना?
हो.
मग दोन्ही बाजूंना मांड.
जरा वेळाने:
पण जूनमध्ये मला पाण्याचा घोट उतरत नव्हता,
तेही मांड.

मांडलं.

आता दाराशी नवा वायुभारमापक आहे.
सकाळी मी वाचते, किरो वाचतो,
एकमेकांना न सांगता लिहितो,
मग वह्या शेजारी ठेवतो.
आज नऊशे त्रेचाळीस. नऊशे त्रेचाळीस.
किरोच्या नव्या रकान्यात खाली, शिसपेन्सिलीने:
पेत्कोव्स्का बाई, तिसरा आठवडा,
मान जरा जास्तच लाल वाटते. बघावं.

मी चष्मा घेतला आणि बघायला निघाले.