काचपट्टी

कपेलाच्या मागच्या भिंतीला चीर पडली
तेव्हा फादर जासिंत म्हणाले,
तू दगडांचं शिकलीस ना, बघ जरा.

मी पाहिलं.
समुद्राच्या अंगाने चढलेली चीर,
खाली बोटभर, वर केसाएवढी.
एक पातळ काचपट्टी तिच्यावर आडवी ठेवली,
दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये दाबली,
खाली चुन्यावर पेन्सिलने तारीख: अकरा फेब्रुवारी.
भिंत हलली तर काच तडकेल.
नाही हलली तर नाही.
यात श्रद्धेचं काही नाही, असंही म्हणाले,
कुणी विचारलं नव्हतं तरी.

लदीन संपल्यावर उकडलेले चणे वाटत वाटत
इनासिन मावशी भिंतीपाशी आली,
काचेला हात लावून बोटांचं चुंबन घेतलं.
तिला वाटलं, कुठल्या संताचा अवशेष.
हात लावू नका, मी ओरडले,
आणि तिची खात्रीच पटली.

ही भिंत पपांनी रचलेली.
कायतान चिरेवाला. वेंगुर्ल्याच्या सड्यावर
तेवीस वर्षं जांभा काढला त्यांनी.
खाणीतून निघताना चिरा मऊ असतो,
कुऱ्हाडीने तासून घ्यावा असा.
मग वारा लागतो, ऊन लागतं
आणि तो जन्माचा कडक होतो.
"म्हणान दोतोर्न ल्हानपणातच शिकवूक व्हयी, बाय."

मला वारा पुण्यात लागला.

पहिल्या सुट्टीत मी खाणीच्या काठावर बसून
पपांना सगळं सांगितलं:
आधी लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.
मग पाऊस, पाऊस, नुसता पाऊस.
जे विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं,
लोखंड राहिलं, ॲल्युमिनियम राहिलं.
उरलं ते जांभा.
सहा दिवसांचं मी काही बोलले नाही.
ते माझ्या आवाजात होतंच.

पपांनी बिडी विझवली.
"एका चिऱ्यात कितकी वर्सा?"
लाखभर, म्हणाले. जास्तच असतील.
ते त्या दिवशी फार बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहिलं,
पहिला घाव घालण्याआधी
त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली,
कपाळ, छाती, दोन्ही खांदे.
आधी फक्त जेवताना करायचे.

हे माझ्या हिशेबात नव्हतं.

राखेच्या बुधवारी रांगेत मी पपांच्या मागे.
गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख
फादरच्या अंगठ्यावर.
तू माती आहेस, ते म्हणाले,
आणि किंचित हसले माझ्याकडे बघून.
या वाक्यावर माझा काही आक्षेप नव्हता.
कोणती माती, एवढंच विचारायचं होतं.
बाहेर पपांच्या नखांत ती होतीच,
तांबडी, खाण सोडून सहा वर्षं झाली तरी.

त्या संध्याकाळी त्यांनी चिरेखाली मेणबत्ती लावली.
पपा, उष्णतेने काच तडकेल,
मग भिंत हलली की नाही कसं कळणार?
त्यांनी विचार केला.
मेणबत्ती उचलून वीतभर बाजूला ठेवली.
विझवली नाही.

आता मी पुण्यात. दर शनिवारी फोन येतो.
तडकूक नाय, म्हणतात,
आणि मी वहीत लिहिते: बदल नाही.
पण फोन वाजल्यापासून तो उचलेपर्यंत
माझ्या मनात एक शब्द असतो, एकच,
भिंतीला उद्देशून, किंवा काचेला,
की आणखी कुणाला.
वहीत त्याला रकाना नाही.

काल म्हणाले,
"काच तशीच आसा. पण खाऱ्या वाऱ्यान
तारीख पुसत इली. परत लिवू काय?"

लिहा, म्हटलं.
आजची नको.
तीच.