पुरावा क्रमांक चौदा

भेटीच्या खोलीत मी कोपऱ्यात बसायचे,
दर मंगळवारी, दहा ते साडेअकरा.
बोलायचं नाही, मधे पडायचं नाही,
फक्त लिहायचं.
त्याआधी वीस वर्षं इथल्याच बटाट्याच्या कारखान्यात
सरकत्या पट्ट्यावरून सडका बटाटा उचलला.
नजर तयार आहे, म्हणाले, आणि मला घेतलं.

मेन राज्याचं उत्तरेकडचं टोक, पुढे कॅनडा.
खोलीत एक निळा सोफा, चाक हरवलेला ट्रक,
भिंतीवर कुणी रंगवलेला मूस.
त्याला पाय पाच. मुलं दरवेळी मोजायची.

कॅसी मिशो उशिरा यायची.
मी लिहायचे: दहा बावीस, आई आली.
या गावात बस नाही, हे लिहायला रकाना नव्हता.
कधी ती चालत यायची, कधी कुणाच्या तरी गाडीतून,
आणि ते कुणीतरी हेही एक कारणच होतं.

जानेवारीतले ते तीन दिवस मी पाहिले नाहीत.
फाइलमध्ये वाचले.
टाकीत तेल नाही, बाहेर उणे बावीस,
घरात मोठं माणूस नाही.
शेरीफच्या माणसाने दार उघडलं तेव्हा
पाच वर्षांचा वायट कच्ची मॅकरोनी
नळाच्या पाण्यात भिजवून बहिणीला भरवत होता,
एकेक,
"गरम आहे गं, फुंकर मार."

मला कॅसीचा राग आला. अजून येतो.
पुढचं ऐकण्याआधी हे ऐकून ठेवा.

मार्चमधल्या एका मंगळवारी
तिच्या बुटाची नाडी सुटली होती.
वायट खाली बसला. जीभ दातांत धरून
एक फास केला, दुसरा केला,
चुकला, सोडवून पुन्हा केला.
तिचा हात त्याच्या डोक्यावर, केसांना न टेकता,
तसाच अधांतरी.
मी लिहिलं: मुलाने आईच्या बुटाची नाडी बांधली.
दीड वर्षात
मला आवडलं म्हणून लिहिलेली ही एकच ओळ.

कोर्टात सरकारी वकिलाने तीच वाचली.
पुरावा क्रमांक चौदा, पान एकतीस.
पाहा, तो म्हणाला, या घरात आई कोण होतं.
आणि खरंच,
हातमोजा उलटा केला तरी बोटं पाचच,
तसं ते वाक्य.
माझंच अक्षर होतं.
मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी काय सांगणार होते?
की मुलांना परत पाठवा, त्या टाकीपाशी?

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला.
मातृत्वाचे सर्व हक्क
आजपासून, कायमचे, संपुष्टात.
संपुष्ट म्हणजे खरं तर डबी,
देव झाकून ठेवायची.
मी उगाच झाकण शोधत राहिले,
टेबलावर, फायलींच्या मधे.

कॅसीने आपल्या वकिलाला हळूच विचारलं,
पण रेडिएटर नेमका तेव्हाच थांबला
आणि सगळ्यांना ऐकू गेलं:
"म्हणजे मी आता त्याची कोण?"
कारकुनाने पान उलटलं.

निरोपाची भेट एका तासाची असते.
त्या दिवशी ती पाच मिनिटं लवकर आली.
लहानी ब्रिएल खिडकीला नाक लावून
सांभाळणाऱ्या बाईची गाडी दाखवत राहिली,
ती गाडी, ती आपली गाडी.
वायटसाठी बूट आणले होते, नवे, खोक्यातले.
"दोन नंबर मोठे आहेत," कॅसी म्हणाली,
"हा हिवाळा नाही, त्याच्या पुढचाही नाही,
त्याच्याही पुढचा."
त्याने तिथेच घातले.
पट्टीचे होते, चिकटवायचे.
नाडी नव्हती.
फटक् फटक् करत तो मूसपर्यंत गेला,
पाय मोजले, पाच,
आणि परत आला.

अकरा वाजता भेट संपली.
खोकं सोफ्यावरच राहिलं, झाकण खाली पडलेलं.
मी झाकण लावलं, खोकं गाडीत ठेवलं,
मागच्या सीटवर,
आणि का कोण जाणे, पट्टा बांधला.

याची नोंद केलेली नाही.