दीड पानाचा आरसा

बर्फाच्या कारखान्यात मी लाद्यांचा हिशेब लिहितो.
त्याच चोपडीच्या पाठकोऱ्या पानांवर
एक गोष्ट लिहिली, दीड पान भरली:
एका घरातला आरसा सहा तास उशिरा दाखवतो,
भरतीची ओहोटी व्हायला लागतात तेवढे.
पहाटे त्यात बघितलेलं तोंड
दुपारी वर येतं.
एक माणूस पहाटे होडीवर जातो, परत येत नाही,
आणि त्याची बायको दुपारी आरशापुढे येते
तर तो तिथे, भांग पाडतोय.
एवढंच. पुढे मी काही लिहिलं नाही.

देवगडच्या आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात
गोष्ट लागली, बांगड्याच्या तिखल्याच्या पानामागे.
अंक अकरा जणांनी घरी नेला.
मीनाक्षीबाई प्रभू म्हणाल्या, त्यातले सात तिखल्यासाठी.

दाजी मेथर धक्क्यावर जाळ्यातून कुर्ली सोडवत होता.
मान वर न करता म्हणाला,
“भरती काय घड्याळ लावन येता?
रोज पाऊण तास मागे पडता.
तुझो आरसो पण मागे पडूक होयो.”
मी म्हटलं, गोष्ट आहे.
“मगे समुद्र कित्याक घातलंस?”

झिलू चव्हाणानं माझ्या मानेवर पावडर मारली
नि वस्तरा हातात तसाच धरून विचार करत राहिला.
“म्हंजे सकाळच्या गिऱ्हाइकाचो चेहरो
दुपारच्या गिऱ्हाइकाक दिसतलो.
मी वस्तरो खयच्या गालार लावू?”

ठाकूरदेसाई सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं:
तात्पर्य?

तारामुंबरीहून एका मुलाचा फोन आला,
आईनं गोष्ट वाचून कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकलाय,
आता मी केस कुठे विंचरू?

नववीतली सायमा सोलकर पायरीवर थांबवून म्हणाली,
“आरसा नवीन आणला त्या दिवशी त्यात काय दिसलं?”
मला सुचलंच नव्हतं.
तिला सुचलं होतं.
“टेम्पोत आडवा असणार ना, पाठीवर.
म्हणजे सहा तास नुसतं आभाळ.
सड्यावरच्या विजेच्या तारा.
मध्येच एखादी कलमाची फांदी.
आणि घरातले सगळे पुढ्यात उभे,
स्वतःची वाट बघत.”
ही गोष्ट तिनं लिहायला हवी होती.

बाकीचे सगळे एकच विचारत, पुढे काय झालं?
तिनं आरशावर कापड घातलं का?
हात लावला का काचेला?
मी हसायचो, जणू मला ठाऊक आहे.

सत्यवती तारी रोज सकाळी दोन लाद्या नेते, फोडून.
तिला वाचता येत नाही, भाचीनं वाचून दाखवली.
मशीनचा खडखडाट थांबेपर्यंत ती टोपलीशी उभी राहिली.
“एक चुकलंस,” म्हणाली.
“माझ्या घोवाचो भांग डावो.
समोरसून बघलंय तर माझ्या उजव्या हाताक येय.
आरशात डाव्या हाताक येता.
तू उजवो लिवलंस.”
मी बघत राहिलो.
“मी पाठीमागे उभी रवान बघलेला आसा,” ती म्हणाली,
“सोळा वर्सां.”

मग टोपलीत हात घालून,
“आज बरफ भुसभुशीत आसा. उन्हात टिकचो नाय.”

संध्याकाळी वाचनालयात जाऊन
मी उजव्याचं डाव्या केलं.
माझ्याकडे निळं पेन होतं, गोष्ट काळ्यात आहे.
डोळ्यांत येतं.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीच्या टोपलीत
अर्धी लादी जास्त टाकली, काही न बोलता.
तिनं खडे हातानं चाचपले,
जास्तीचे काढून माझ्या टेबलावर ठेवले,
चोपडीच्या अगदी बाजूला.
“तुझ्या हिशोबात चूक आसा,” म्हणाली
आणि लिलावाला गेली.
पाणी पानापर्यंत यायच्या आत
मी चोपडी उचलली.