मंगळवारची पाळी

समारंभ मंगळवारी दहाला. खुर्च्या ओलीत रुततात,
म्हणून समितीचा निरोप: आदल्या रात्रीच पाणी बंद करा.
सेफेरिनोमामा काहीच बोलला नाही.
फळी पाडली, फटीत गोणपाट कोंबलं,
आणि पाट गप्प झाला.

त्या रात्री गल्लीत कुणालाच नीट झोप लागली नाही.
दोन्या एर्लिंदा दोनदा अंगणात येऊन गेली.
काय हरवलंय ते तिला सांगता येईना.

सकाळी मिशनच्या भिंतीपाशी मांडव,
निळ्या कापडाखाली पितळी पाटी,
मोठ्या पातेल्यात तमाले, वाफेला मक्याच्या पानांचा वास.
पाहुणे म्हणाले, पाद्र्यांनी हे सगळं उभारलं,
आणि 'सगळं' म्हणताना त्यांचा हात घंटेकडे गेला.

मी ती वही पाहिली आहे. बाप्तिस्म्याची.
एका दिवसात अकरा जणांच्या डोक्यावर पाणी,
खाली ओळीनं मारिया, होसे, मारिया, मारिया.
आईनं काय हाक मारली होती ते कुठेच नाही.
त्याच अकरा जणांनी पुढे चुना मळला,
दगड वाहिले, नदीला उतार शोधून दिला
आणि शेतापर्यंत बोटाला धरून आणलं.
मामाची आजी त्यांच्यातल्या एकीची कुणीतरी लागायची.
कोण, ते वहीला माहीत नाही.

भाषण चालू असताना बेतो, माझा धाकटा,
कोरड्या पाटात उतरला आणि ओरडला.
तळाच्या चुन्यात एक हात होता.
पाच बोटं, लहान, डावा.

मग पाटीकडे कोण बघतंय!
फोन निघाले. संग्रहालयाच्या बाई चष्मा पुसत
गुडघ्यांवर बसल्या, म्हणाल्या, याला काच बसवायला हवी,
पाणी आता बंदच ठेवावं लागेल.

मामा मागच्या रांगेतून उठला.
टोपी काढली नाही, माईकही घेतला नाही.
"हा हात दर फेब्रुवारीत दिसतो," म्हणाला,
"गाळ काढतो तेव्हा. आम्ही सगळ्यांनी त्यात हात घालून पाहिलाय.
सहाव्या वर्षी बसतो. सातव्या वर्षी नाही."
बेतोचा बसत होता.
"आणि आज मंगळवार. सालोमेच्या भोपळ्यांची पाळी."

तो फळीपाशी चालत गेला. कुणी अडवेपर्यंत
गोणपाट ओढून काढलंसुद्धा.
आधी ओल आली, मग पेकानची पानं, एक कागदी पेला,
मग पाणी,
घाई नसल्यासारखं,
करंगळीवरून, तळव्यावरून.

पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचे पाय भिजले.
दोन्या एर्लिंदा म्हणाली, हां, हेच.

पाटी नंतर कुणीतरी उघडली. मजकूर बरा आहे.
तारखेत एक चूक आहे. राहू दे, म्हणाला मामा,
आणि चिखलाच्या बुटांनी
सालोमेकडे दारं धरायला गेला.