छाट

कारखान्यात पानं-तंबाखू तोलून देतात,
संध्याकाळी विड्या मोजून घेतात.
बारीक निघाली की छाट.
बारा वर्षं माझी बोटं हेच शिकली.

त्यामुळे सिव्हिलच्या काट्यावर
पहिली अठराशे पन्नास, दुसरी अकराशे वीस
म्हटल्यावर सिस्टरला
मला काही समजवावं लागलं नाही.
एकाच पोटात, बत्तीस आठवडे,
आणि एवढा फरक.
कुणी कुणाचं खाल्लं गं, सासू म्हणाली, तेलुगूत.
मी भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर त्रेचाळीस अंश.
अशोक चौकात डांबर चपलेला चिकटत होतं
आणि आत काचेखाली
दुसरीला ऊब पुरत नव्हती.
पायाला पट्टी: बेबी ऑफ सुगुणा कोडम, दोन.
आठवड्यात तीही घटली. हजार चाळीस.
नळीतून दोन मिली दूध, मग तीन.
मग मी तिला उघड्या छातीशी बांधून बसले,
दिवसाला हजार वळणारे हात
नुसते एका पाठीवर ठेवून.

वीस ग्रॅम. पंधरा. एके दिवशी काहीच नाही.
त्या दिवशी पहिली घरी गेली.

आता अंगणवाडीच्या कार्डावर दोन रेघा आहेत.
खालची जास्त उभी चढते,
सेविका बोट ठेवून दाखवते.
अजून खालीच आहे, ते मला दिसतं.

काल पहिलीच्या हातातली कडक भाकरी
धाकटीनं हिसकावली
आणि दोनच दातांनी
चघळत बसली, माझ्या सुपाच्या आड.