सतरावा नमुना

भुसावळ रोडवरच्या कॉलेजात, तळमजल्याला,
जिथे जुन्या लेथचं तेल अजून फरशीत मुरलेलं आहे,
मी भट्टी सांभाळतो.
पुंडलिक नेहेते, मूळचा सावद्याचा.

आखाजीची सुट्टी. कॉलेजात कुत्रं नाही.
नसीमा तडवी एमरी पेपरवर चकत्या घासत बसलेली,
आधी चारशेचा, मग सहाशेचा, मग हजाराचा,
मनगटानं आठाचा आकडा काढत.
रुपयाएवढ्या दोन चकत्या.
एकीत जस्त भरपूर,
दुसरीत मॅग्नेशियम नि चिमूटभर सिलिकॉन.
दिसायला सख्ख्या बहिणी.
जस्तवाली हाताला जरा जड लागते, मी म्हणालो.
ती म्हणाली, काका, काट्यावर ठेवा,
लागण्यावर जाऊ नका.

ॲल्युमिनियमचा स्वभाव मला ठाऊक आहे.
घासून लख्ख केलं की त्याच क्षणी
हवा त्याच्यावर साय धरते.
दुधाला तरी वेळ लागतो.
डोळ्याला न दिसणारी, भट्टीतही न वितळणारी साय.
पहिले सोळा नमुने तिनंच खाल्ले.
बाहेर काढावा, अंगठ्यानं जरा दाबावा,
की शिळ्या कळण्याच्या भाकरीसारखा
पापुद्रा सुटून दोन तुकडे.
सोळावा तर टेबलावर ठेवता ठेवता सुटला,
टिक्.
नसीमा हसली. मग बाहेर जाऊन
बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिली.

या खेपेला दोघींमध्ये तांब्याचा वर्ख.
पंपानं हवा उपसली, काटा खाली खाली गेला.
बाहेर पंचेचाळीस, आत चारशे सत्तर.

वितळवायचं नाही, एवढं ध्यानात ठेवा.
वितळवून जोडायचं तर बसस्टँडमागे
अस्लम मिस्त्री पाच मिनिटांत डाग मारून देतो.
इथं दोघी घट्टच राहणार.
दाबून धरायचं, तापवत ठेवायचं, बसून राहायचं.
चार तास.
एक अणू आपली जागा सोडतो,
शेजारच्या रिकाम्या जागेत जातो, तिथून पुढच्या.
कोणी ढकलत नाही, कोणी बोलावत नाही.

माझा बाप केळीच्या वखारीत होता.
बंद खोली, धुराचं मडकं,
दाराच्या फटींना शेणमाती,
आणि उघडून बघायचं नाही, हा एकच नियम.
चाळीस वर्षांत हिरव्याचं पिवळं होताना
त्यानं एकदाही पाहिलं नाही.
झालेलंच पाहिलं.

मी म्हणालो, पोरी, हे तर लग्नासारखं झालं.
नाही काका, ती वहीतून मान वर न काढता म्हणाली,
जस्त भराभर सरकतं, समोरचं सावकाश येतं.
जाणाऱ्याच्या मागं बारीक भोकं उरतात.
लग्नात ती कोण मोजतं?
आपल्याला मोजायची आहेत.

तेवढ्यात घरून फोन.
खापरावरचे मांडे वाळून चाललेत, कधी येता?
येतो म्हणालो. बारा मिनिटं उरली असताना वीज गेली.

जनरेटरला तिसऱ्या दोरीला जाग आली.
तोवर काटा थोडा चढला होता.
किती, ते तिनं वहीत लिहिलं, रागानं,
पेन कागदातून पलीकडे उतरलं.

दुसऱ्या दिवशी नमुना अंगठ्यानं सुटला नाही.
दातांनी ओढून बघावासा वाटला मला.
कापला, घासला, आम्लात बुडवून काढला.
सूक्ष्मदर्शकात मी जोडाची रेघ शोधत होतो.
अर्ध्या वाटेपर्यंत ती सापडली,
भोकांची, काळ्या मोहरीसारखी.
पुढे नाही. पुढे धातूचे कण सरळ
इकडचे तिकडे गेलेले, कोण कुठला ते सांगता येईना.

यंत्रानं ओढल्यावर तोही तुटला.
अर्धा जोडावरून, अर्धा जस्तवालीच्या अंगातून.
नसीमानं दोन्ही तुकडे कापसात ठेवले,
डबीवर सतरा घातलं.
मग खुर्ची पुढं ओढून
चारशेचा नवा कागद फाडला.

मी मांडे आणले होते. कडक झालेले.
तिनं एका हातानं खाल्ले.
दुसरा हात आठ काढत होता.